मुठेचा पाट : खडकवासल्यापासून माझ्या बांधापर्यंत



आजची नोंद जरा लांब आहे. खोडव्याची, खताची नाही. पाण्याची आहे, आणि जुन्या पाण्याची आहे. निवांत बसून वाचा.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात थोरल्या मुलीला पुण्याला सोडायला गेलो होतो. कृषी पदवीला आहे ती. रविवार होता. म्हणाली, "आप्पा, आलाच आहात तर खडकवासला बघून जाऊ." पन्नाशी आली माझी, जन्म सगळा त्या धरणाच्या पाटावर गेला, आणि धरण मी कधी धड पाहिलेलं नव्हतं. एसटीतून सिंहगडाला जाताना एकदा खिडकीतून दिसलं होतं तेवढंच.

रविवारी तिथे जत्राच असते. धरणाच्या कडेने रस्त्यावर गाड्यांची रांग, चौपाटीवर भाजलेली कणसं, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा, मीठ-तिखट लावलेली कैरी. पोरं पाण्यात दगड मारतायत, जोडपी फोटो काढतायत. पलीकडच्या काठाला एनडीएची हिरवी टेकडी. पाणी काठोकाठ. खरंच सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू.

कणीस खाता खाता मुलीने विचारलं, "आप्पा, हेच पाणी आपल्याकडे येतं ना?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. कारण खरं उत्तर "हो" नाही. "नाही" पण नाही. त्या उत्तराच्या मागे दीडशे वर्षं आहेत. तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

आमचं शेत दौंड तालुक्यात, यवत आणि पाटसच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या मुठा उजव्या कालव्यावर. आता त्याला सगळे बेबी कालवा म्हणतात. आजोबा नुसतं "पाट" म्हणायचे.

धरण कुणासाठी बांधलं?

आपल्याकडे पारावर एक वाक्य ठरलेलं आहे : "धरण शेतकऱ्यासाठी बांधलं आणि पाणी पुण्याने पळवलं." मीही हे शंभरदा बोललोय. पण जुनी नोंद बघितली की हे वाक्य अर्धंच खरं ठरतं.

पुण्याच्या पूर्वेचा आपला भाग कायम अवर्षणाचा. मावळात धो-धो पाऊस आणि आपल्याकडे ढग नुसते वरून जातात. मावळातलं पाणी अडवून इकडे आणायचं, हा विचार कर्नल फाईफ नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरने धरून ठेवला. १८६० च्या दशकात पाहणी झाली, दशकाच्या शेवटी काम सुरू झालं आणि १८८० च्या सुमारास संपलं. त्या काळातल्या मोठ्या दगडी धरणांपैकी हे एक. तलावाला फाईफचंच नाव होतं. उजवा कालवा तिथून निघून हडपसर, लोणी, उरुळी, यवत करत पाटसपर्यंत आला, सुमारे ११२ किलोमीटर.

आता मुद्दा ऐका. पहिल्या दिवसापासून या योजनेत दोन गिऱ्हाइकं होती. एक शेती, आणि दुसरं पुणे शहर व पुणे-खडकीची लष्करी छावणी. म्हणजे पुणं नंतर घुसलेलं नाही, ते सुरुवातीपासून पंगतीत बसलेलंच होतं. फरक एवढाच, की तेव्हा त्याचं ताट लहान होतं.

पाणी आलं, घेणारा नव्हता

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. पाट सुरू झाला तेव्हा शेतकरी पाणी घ्यायलाच तयार नव्हते.

आज ऐकायला विचित्र वाटतं. पण आजोबांचे आजोबा काही खुळे नव्हते. पाऊस बरा झाला तर बाजरी-ज्वारी तशीच येते, मग पाणीपट्टी कशाला भरायची? पाटाच्या पाण्याने जमीन बिघडते ही भीती होती, आणि ती अगदी खोटीही नव्हती, पुढे सांगतो. एकदा नाव लागलं की सरकार मागे लागणार, हाही धसका होता. म्हणून दुष्काळात पाण्याला झुंबड आणि सुकाळात पाट रिकामा, असं चालायचं. १८७९ चा मुंबईचा पाटबंधारे कायदा आला. त्यात पाणी हवं असेल त्याने अर्ज करायचा आणि मंजुरी घेऊन पाणी घ्यायचं, ही रीत बसली. आपला आजचा नमुना ७ त्याच रीतीचा नातू.

याच काळात महात्मा फुल्यांचा या पाण्याशी संबंध आला. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते. मुठेवरच्या या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. आणि मांजरीला, पाटाच्या पाण्यावर, त्यांनी स्वतः शेती केली. लोक पाणी घेत नाहीत तर करून दाखवू, म्हणून त्यांनी तिथे जमीन घेतली असं सांगतात. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते दोन्ही बाजू मांडतात. पाटबंधारे खातं पट्टी घेतं पण वेळेवर, मोजून पाणी देत नाही, म्हणून खात्याला धरतात. आणि शेतात ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी जागेवर मुरवा, हेही सांगतात. मोजून पाणी आणि मुरवलेलं पाणी. दीडशे वर्षांनी आपल्या कृषी मेळाव्यात हेच दोन विषय असतात.

भिंत न वाढवता पाणी वाढवलं

धरणाची एक अडचण होती. मावळात पूर येई तेव्हा जादा पाणी सांडव्यावरून निघून जाई आणि उन्हाळ्यात पाट कोरडा पडे. भिंत उंच करायची तर पायाला धोका आणि खर्चही मोठा.

तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेल्या विश्वेश्वरय्यांनी आपोआप चालणारे दरवाजे काढले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दार आपलं आपण उघडायचं, पूर ओसरला की आपलं आपण मिटायचं. १९०३ साली ते खडकवासल्याला बसवले. भिंत तेवढीच, साठा जास्त. पुढे असे दरवाजे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणाला आणि म्हैसूरकडच्या कृष्णराजसागरलाही लागले.

त्यांचंच दुसरं काम म्हणजे नीरा कालव्यावरची ब्लॉक पद्धत. पाटाचं पाणी सगळं उसाकडे धावू नये, ऊस ठराविक तुकड्यात राहावा, बाकीच्या रानात धान्याची फेरपालट व्हावी, आणि त्या तुकड्याला पाण्याची मंजुरी काही वर्षांची पक्की असावी, असा तो विचार. पाणी कमी असेल तर पहिला इलाज पिकाच्या आखणीत असतो, हे त्या माणसाला शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आपल्याला कळतं, पण कारखान्याची नोंद दिसली की आपण विसरतो.

आणि जमीन बिघडायची भीती? नीरा खोऱ्यात ती खरी ठरली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास तिथल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला. काळी खोल जमीन, निचरा नाही, वर पाटाचं पाणी मुबलक. खालचा क्षार वर आला आणि चांगली रानं पांढरी पडली. म्हणजे पाटाचा फायदा आणि पाटाचा रोग हे दोन्ही एकाच पिढीने पाहिले.

१२ जुलै १९६१

ही तारीख पुण्यात प्रत्येक घरात माहीत आहे. आपल्या पट्ट्यात मात्र ती वेगळ्या कारणाने आठवतात.

खडकवासल्याचा साठा लहान, त्यात पुणं वाढत चाललेलं, म्हणून वरच्या बाजूला अंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण घेतलं होतं. त्याच्या पाणी सोडण्याच्या नळाचं काम पूर्ण झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी साठवलं गेलं. भराव खचायला लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर आलं आणि काही तासांत ती जुनी दगडी भिंतही फुटली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. माणसं गेली, संसार वाहून गेले. आणि नंतर शहरात पूर येऊन गेलेला असताना नळाला पाणी नाही, अशी गत झाली. कारण पिण्याचं पाणी पण याच तलावातून.

आमचे आजोबा म्हणायचे, "पुण्याला पुराने मारलं, आपल्याला पुराच्या नंतर." धरण फुटलं म्हणजे पाटाचं तोंडच गेलं. त्या वर्षी पाटाचा भरवसा उरला नाही, विहिरीला जेवढं पाणी तेवढाच ऊस धरला. घरातली एक बैलजोडी त्याच साली विकली. नदीपासून लांब, पूर न बघितलेल्या गावात पुराने नेलेली ती बैलजोडी. आजोबांच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत होती.

पुढे भिंत दुरुस्त झाली, पानशेत नव्याने बांधलं, मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर झालं. त्या खोऱ्यांतली गावं पाण्याखाली गेली. आपल्या पाटाला पाणी यावं म्हणून मावळातल्या माणसांनी आपली भातखाचरं सोडली. त्यांची आठवण पाण्यावर हक्क सांगताना आपण फार कमी काढतो.

आजचा हिशोब

आता आकडे. चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा साधारण २९ टीएमसी. त्यात वरसगाव जवळपास १३, पानशेत साडेदहाच्या वर, टेमघर पावणेचारच्या आसपास. आणि खडकवासला? दोन टीएमसीसुद्धा नाही, १.९७. चौपाटीवर उभं राहून जो समुद्र वाटतो तो खरं तर वाटपाचा हौद आहे. वरून पाणी घ्यायचं आणि खाली वाटायचं.

वाटप दोन तोंडांनी होतं. एक पुण्याकडे, दुसरं नव्या मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरकडे. हा नवा कालवा २०२ किलोमीटरचा आहे. पुण्याच्या भर वस्तीतून जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली आणि घरात पाणी शिरलं, तेव्हा कित्येक पुणेकरांना पहिल्यांदा कळलं असेल की आपल्या दारातून कुणाचं तरी आवर्तन चाललेलं असतं.

आणि आमचा जुना पाट? त्याला आता धरणाचं पाणी नाही. पुण्याने वापरलेलं सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलतात आणि बेबी कालव्यात सोडतात. कागदावर हिशोब सरळ आहे : शहराने धरणाचं पाणी जास्त घ्यायचं आणि वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचं. पाण्याचा असा फेरवापर जगभर होतो, त्यात वाईट काही नाही. पण प्रक्रिया नीट झाली तर.

आता कळलं का, मुलीच्या प्रश्नाला मी गप्प का झालो? तिने बघितलेलं पाणी आमच्याकडे येतं, पण आधी पुण्याच्या घराघरातून फिरून येतं. आमचे आजोबा दारं धरताना पाटात ओंजळ घालून पाणी प्यायचे. त्याच पाटात मागच्या उन्हाळ्यात फेस आला होता आणि वास असा की बैल तोंड लावेना. हे सगळं मी तिला तिथेच, पाण्याकडे बघत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही पाणी तपासून घेतलंय कधी?"

नव्हतं घेतलं. तीस वर्षं पाण्यावर भांडलो, पण बाटलीत भरून प्रयोगशाळेत कधी नेलं नाही.

आपलीही बाजू तपासा

पुण्याला बोट दाखवणं सोपं आहे, आणि काही ठिकाणी बरोबरही आहे. गळती, मंजुरीपेक्षा जास्त उचल, अर्धवट प्रक्रिया हे सगळं विचारलंच पाहिजे. पण एक हिशोब आपल्या बांधावरचाही करू.

एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० हेक्टर-मीटर पाणी. पाटपाण्यावर सरीने भिजवलेल्या उसाला वर्षाला अडीच मीटर धरा. म्हणजे गळती सोडून, सगळं पाणी शेतात पोचलं तरी, एका टीएमसीत साधारण ११०० हेक्टर ऊस. गव्हाला पंचेचाळीस सेंटिमीटर धरलं तर त्याच पाण्यात सहा हजारांच्या वर हेक्टर गहू. ऊस लावू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः लावतो. पण ऊस ठिबकवर नेला तर पाण्यात मोठी बचत होते, आणि ती बचत म्हणजेच शेजाऱ्याचं आवर्तन. टेलचा शेतकरी शिव्या घालतो त्या नुसत्या पुण्याला नसतात, हेडच्या आपल्याच भावाला पण असतात.

मला या दीडशे वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पाणी धरणातून कधी न्यायाने वाहिलं नाही. ज्याने मागितलं, मोजलं आणि कागदावर आणलं, त्याच्याकडे ते गेलं. पहिल्या पिढीने मागितलंच नाही. मधल्या पिढीने मागितलं, पण मोजलं नाही. शहर मागतंही आणि मोजतंही, म्हणून त्याचं ताट मोठं झालं. आपण भाषणात मागतो आणि अर्ज भरायच्या दिवशी लग्नाला जातो.

म्हणून मुलीला सोडून आलो आणि या हंगामात चार कामं केली. तुम्हालाही सांगतो.

एक, पाणी तपासलं. पाण्याची क्षारता, म्हणजे इसी, ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर फार काळजी नको. त्याच्या वर निचरा आणि पिकाची निवड बघून वापरा. २.२५ च्या वर गेली तर सावध, विहिरीच्या चांगल्या पाण्यात मिसळल्याशिवाय देऊ नका. सोडियमचं प्रमाणही अहवालात मागून घ्या. नुसत्या इसीवर जाऊ नका.

दोन, असलं पाणी कोथिंबीर, मेथी, पालक, काकडी अशा कच्च्या किंवा पानं खायच्या पिकाला बंद केलं. ऊस, चारा, कापूस वेगळा. ताटात थेट जाणारा माल वेगळा.

तीन, खालच्या अंगाचं वीस गुंठे रान पांढरं पडायला लागलं होतं, तिथे आधी चर काढला. लोक आधी जिप्सम टाकतात. निचऱ्याला वाट नसेल तर जिप्सम वाया जातं. माती तपासा, चोपण निघाली तरच जिप्सम, आणि त्याच्या आधी चर. पावसाळ्यात धैंचा गाडला.

चार, नमुना ७ वेळेत भरला आणि पोच घेतली. आमच्या चारीवर पाणी वापर संस्था नुसती फळ्यावर होती, तिची बैठक लावली. २००५ च्या कायद्याने संस्थेला घनमापनाने, म्हणजे मोजून पाणी मागता येतं. पाण्याचे नमुने दर महिन्याला संस्थेच्या नावाने तपासायचे आणि अहवाल फाईलला लावायचा, असं ठरलं. "पाणी घाण येतं" असं ओरडलं की लोक ऐकून घेतात. बारा महिन्यांचे अहवाल टेबलावर ठेवले की उत्तर द्यावं लागतं.

पहिल्या बैठकीला सात जण आले, त्यातले दोघे चहाला. दुसऱ्या बैठकीला एकोणीस झाले.

खडकवासल्याला जा, जरूर जा. कणीस खा, पोरांना पाणी दाखवा. फक्त पाण्यात उतरू नका, तिथे दरवर्षी चांगल्या घरची पोरं बुडतात. आणि पोरांनी विचारलं की हे पाणी कुठं जातं, तर त्यांना नीट सांगा. आपल्याला माहीत नसेल तर आधी शोधा, मग सांगा.

तुमच्या चारीला शेवटचं आवर्तन कधी आलं, किती दिवस चाललं, आणि पाणी तपासलंय का, हे खाली लिहा. तारखेसकट लिहा. अंदाजे नको.

राम राम.